दीड इंच माया

विजयनगरच्या त्या दुकानात एसी इतका थंड ठेवतात
की कोट घालून बघताना माणसाला कोट हवासाच वाटावा.
मल्हारने आधी लेबल वाचलं, मग किंमत,
मग माझ्याकडे बघितलं.
मी कोट उलटा केला.

"आंटी, सीधा करके देखिए ना," विकणारा मुलगा म्हणाला.
सरळ बाजू काय, सगळेच नीट करतात,
आरशासाठी, साखरपुड्याच्या फोटोसाठी.
उलटी कोणी बघणार नसतं,
तिथं शिवणाऱ्याचा स्वभाव कळतो.

एकोणीस वर्षं मी काजं केली,
बंबई बाजारातल्या जव्वाद मास्टरांच्या कोटांची.
दर गुरुवारी सायकलवरून गठ्ठा यायचा
आणि मल्हारगंजच्या आमच्या एका खोलीत
बटणं नसलेले, अजून कोणाचेच नसलेले कोट
रात्रभर खुंट्यांवर लटकायचे.
मल्हार लहान होता. त्यांना काका म्हणायचा.

मास्टर म्हणत, कापड डोळ्यांनी घेऊ नये.
मुठीत आवळा, दहा मोजा, सोडून द्या.
चांगली लोकर राग धरत नाही.

पहिल्या कोटाने धरला.
छातीशी चिमूट घेतली: अस्तर सुटलं, वरचं कापड सुटलं,
मधला पदर काही बोटांत सरकेना.
म्हणजे कॅनव्हास नाही, गोंद.
चार धुलायांत फोड येतील छातीवर.
हे मी बोलले नाही. नुसतं म्हटलं, हात वर कर,
रिक्षा थांबवतोस तसा.
त्याने केला, आणि हाताबरोबर
अख्खा कोट रिक्षा थांबवायला निघाला.
बगल खोल कापलेली. लोकांना वाटतं, ढिलं म्हणजे मोकळं.

दुसरा शिशाच्या रंगाचा, बारीक रेघांचा.
रेघ खिशावरून सरळ खाली गेली होती,
वाटेत खिसा लागला हे तिला कळलंच नव्हतं.
कॉलर मानेला टेकून बसलेली, हट्ट न करता.
बटण मी दाताला लावलं. गार. शिंगाचं.
मल्हार लाजून दुसरीकडे बघायला लागला.

मग पाठीची शिवण.
माया किती ठेवलीय?
"माया?" मुलाने विचारलं.
आत जादा सोडलेलं कापड रे.
"अच्छा, मार्जिन."
हो, तुमच्यात मार्जिन.
दीड इंच होती. त्यानेच टेपने मोजून दाखवली,
आणि हळूच म्हणाला, त्याचे अब्बा कटर होते, खजुरीला.
मग इतका वेळ गप्प का होतास?
"कोई पूछता नहीं, आंटी."

मल्हार म्हणाला, आई, मी कशाला जाडा होतोय?

त्याच्या बाबांना एकच कोट होता, राखी.
हेडक्लार्क झाले तेव्हा अर्धा इंच सोडला.
सायकल सुटून स्कूटर आली तेव्हा आणखी अर्धा.
मग त्या शेवटच्या थंडीत मीच तो
दोन्ही बाजूंनी आत घेतला, एकदा,
आणि संक्रांतीच्या आधी पुन्हा एकदा.
अंगावर असताना कोणाला काही दिसलं नाही.
मोरे वकील तर म्हणाले होते, काय फिट बसलाय!
उलटा केला की दिसतात
जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी,
शेजारी शेजारी.

होशील, मी म्हटलं. बारीकही होशील.
आणि पैसे दे म्हटलं, किंमत न विचारता,
मला ऐकायचीच नव्हती.

काजं मात्र मशीनची आहेत, कडांना कच्ची.
ती मी उसवून पुन्हा करणार आहे.
रेशमी दोरा शीतलामाता बाजारात अजून मिळतो,
मेणाचा तुकडा डब्यात आहे.
सुईत दोरा तेवढा
मल्हारने ओवून द्यायचा.